चोर सोडून बांगड्याला फाशी

टपाल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून या महिन्यात अकरा प्रश्न आले. त्यातले सात मुरुमांचे. कॉलेजं उघडली की दरवर्षी असंच होतं. सातांपैकी पाच निवडलेत, उरलेल्या दोघांना आपलं उत्तर यातच कुठेतरी सापडेल.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझी मुलगी सोळा वर्षांची, यंदा अकरावीला गेली. दीड वर्ष झालं, कपाळ आणि गाल मुरुमांनी भरलेत. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे. म्हणून मार्चपासून तिचे बांगडे, सुंगटं (कोळंबी), तळलेलं, तिखट सगळं बंद केलं. मे महिन्यात घरात मानकुराद आंब्यांची पेटी होती, तिला एक फोड दिली नाही. मुरुम होते तसेच आहेत. आता ती जेवताना रडते, अर्ध्यावर उठते. अंगाला काहीतरी लागावं म्हणून सकाळ-संध्याकाळ चॉकलेटची पावडर घालून दूध देते. बाहेरचं म्हणाल तर कँटीनमध्ये बन आणि थंड पेय, एवढंच. अजून काय बंद करू? — एक आई, साखळी

उत्तर : ताई, नवं काही बंद करायची घाई नको. आधी बांगडा सोडवा.

तुमचं पत्र वाचताना मला आमचं डिचोलीचं स्वयंपाकघर आठवलं. १९८४ साल, मी पंधरा वर्षांची. चुलीवर बांगड्याचं हुमण रटरटतंय, वरून तिरफळं पडलेली, वास ओसरीपर्यंत. ताटं मांडली की सगळ्यांच्या शितावर हुमण आणि माझ्यापुढे वेगळी वाटी, मुगाच्या वरणाची. "तुझ्या तोंडावर पुळ्या आहेत," एवढं एकच स्पष्टीकरण. मग पोर नीट जेवली नाही म्हणून चार वाजता दूध. त्यात तीन चमचे साखर, बरोबर बुडवायला दोन पाव. तीन वर्षं हा प्रकार चालला. पुळ्यांना बांगड्याची आठवणसुद्धा आली नाही. डाव्या गालावर दोन खड्डे राहिले, ते आजही आहेत. मी ते झाकत नाही, पेशंटना दाखवायला बरे पडतात.

माशांचा दोष असता तर तो पकडायला गोव्याइतकी सोयीची जागा नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला बांधलेले. बांगडा मिळालाच तर बर्फातला, आणि भाव ऐकून माणूस तारल्यांकडे वळणार. बंदी उठते न उठते तोच श्रावण, तेव्हा आमच्या फोंड्यातल्या कितीतरी घरांत गणेशचवथीपर्यंत नुस्तं, म्हणजे मासळी, शिरत नाही. म्हणजे वर्षातले जवळजवळ तीन महिने आपल्या पोरांच्या ताटातली मासळी कमी तरी होते, नाहीतर पार जाते. सत्तावीस वर्षांत या दिवसांत माझ्या बाकड्यावरची गर्दी हलकी झालेली मी पाहिलेली नाही.

संशय अगदीच हवेतून आलेला नाही, तेही सांगते. आयोडीन भरमसाट प्रमाणात पोटात गेलं, औषधातून किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून, तर मुरुमांसारखे फोड येतात. पण जेवणातल्या दोन तुकड्यांनी ते होत नाही. उलट बांगडा आणि तारले म्हणजे ओमेगा-३ मेदाम्लांचं भांडार, आणि ही मेदाम्लं सूज उतरवतात. कोरियात २०१४ साली ४५ जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात ओमेगा-३ घेणाऱ्यांचे मुरुम कमी झाले. अभ्यास छोटा आहे, त्यावर घुमट वाजवत फिरायला नको. फाशी रद्द करायला मात्र पुरे.

तेलाचंही तसंच. भजी खाल्ली की ते तेल गालातून पाझरतं असं वाटतं, पण चेहऱ्यावरचं तेल त्वचेतल्या ग्रंथी स्वतः तयार करतात. ते कढईतून येत नाही. आणि आंब्याची 'उष्णता' कुठल्या तपासणीत मला आजवर दिसलेली नाही. जेवणानंतर मानकुरादच्या चार फोडी पोरीला खुशाल द्या. दूध-साखर घालून मिक्सरमधून काढलेला मोठा ग्लास मात्र वेगळं प्रकरण, त्याच्याकडे येते.

माझ्या टेबलावर भिंगाचा दिवा आहे. त्याखाली तुमच्या लेकीचं कपाळ धरलं तर काय दिसेल? कातडीखाली रव्याच्या कणाएवढे पांढरट उंचवटे, तोंड बंद असलेले. सुईच्या टोकाने तोंड उघडून अलगद दाबलं की शेवयीच्या तुकड्यासारखं काहीतरी बाहेर येतं. मेलेल्या पेशी आणि तेल एकमेकांत मळून झालेलं बूच ते. केसाच्या मुळाशी हे बूच बसतं, मागे तेल साठतं, तिथे आधीपासून राहत असलेल्या जिवाणूंचं फावतं, मग सूज, लाली आणि पू. आज दिसणाऱ्या मुरुमाच्या बुचाची सुरुवात आठ-दहा आठवड्यांपूर्वी झालेली असते. म्हणजे आज सकाळी उठलेल्या पुळीसाठी काल रात्रीच्या तळलेल्या सुंगटांना पकडून उपयोग नाही.

मग चोर कोण? तेल किती बनायचं आणि मुळाशी पेशी किती साचायच्या, हे ठरवतात हार्मोन्स. वयात येताना अँड्रोजेन हे पुरुषी हार्मोन वाढतं, मुलींतसुद्धा, आणि वाढीचा आयजीएफ-१ नावाचा घटक कळसाला असतो. मुरुम मुळात त्या वयाचा आहे. त्यात साखर, मैदा, गोड पेय असं झटकन पचणारं पोटात गेलं की रक्तातली साखर उसळी घेते, तिला आवरायला इन्शुलिन येतं, आणि वाढलेलं इन्शुलिन आयजीएफ-१ आणि अँड्रोजेन या दोघांनाही मोकळं रान देतं. तेलाच्या ग्रंथी फुगतात. दिवसातून एकदा झालं तर शरीर सांभाळून घेतं. सकाळी गोड दूध, अकराला बन, दुपारी थंड पेय, चारला पुन्हा गोड दूध असं रोज झालं तर ग्रंथींना सुट्टीच मिळत नाही. तुम्ही पत्रात जे जे बंद केल्याचं लिहिलंय ते बहुतेक निर्दोष. आणि अंगाला लागावं म्हणून जे प्रेमाने देताय, त्याच्याकडेच माझं बोट आहे.

इथे माझीही एक चूक कबूल करते. आम्ही शिकलो तेव्हा पाठ केलं होतं की मुरुम आणि आहार यांचा संबंध नाही. त्यामागे १९६९ चा एक अमेरिकन अभ्यास होता. ६५ जणांना चार आठवडे चॉकलेट दिलं, मग चॉकलेट नसलेली दुसरी वडी दिली, मुरुमांत फरक पडला नाही. निकाल लागला, चॉकलेट सुटलं, आणि त्याच्या मागून सगळा आहारच सुटला. त्या दुसऱ्या वडीत साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, हे कितीतरी उशिरा लोकांच्या लक्षात आलं. साखरेची साखरेशी तुलना करून फरक कसा दिसणार! अभ्यासाला पैसा चॉकलेट बनवणाऱ्यांच्या संघटनेचा होता, ते वेगळंच. माझा दवाखाना नवा असताना एक मुलगी वही घेऊन आली होती. कुठल्या आठवड्यात काय खाल्लं, किती पुळ्या आल्या, सगळं निळ्या-लाल शाईत. मी ती वही उघडलीसुद्धा नाही. "खाण्याचा काही संबंध नसतो गं," म्हणून परत दिली. आज ती वही मिळाली तर मी पैसे देऊन घेईन.

पुस्तकं हळूहळू बदलली. २००२ साली एका अभ्यासात पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावरची बाराशे माणसं तपासली होती, त्यात तीनशे ऐन पंधरा ते पंचवीस वयाची. एकालाही मुरुम नाही. त्यांचं जेवण काय, तर कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ. मासे आणि नारळ, ताई! सासूबाईंना हे वाक्य मुद्दाम वाचून दाखवा. अर्थात त्यांचं रक्त वेगळं, राहणी वेगळी, म्हणून एवढ्यावरून निकाल देता येत नाही. २००७ साली मेलबर्नच्या अभ्यासात मुरुम असलेल्या ४३ तरुणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे सावकाश पचणारं जेवण दिलं. त्यांचे मुरुम सरासरी साडेतेवीसने कमी झाले, नेहमीचं खाणाऱ्यांचे बाराने. मात्र पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, म्हणून श्रेय जेवणाचं की वजनाचं हा वाद राहिलाच. दुधाबद्दल २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ हजारांहून जास्त अमेरिकन नर्सेसना शाळेतल्या वयात काय खात-पीत होता ते विचारलं. जास्त दूध पिणाऱ्यांत मुरुम जास्त निघाले, आणि साय काढलेल्या दुधात हा संबंध अधिक ठळक. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं कोणाला किती नीट आठवतं, हा प्रश्न आहेच.

एवढं सगळं होऊनही अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शनात आहाराबद्दल ठाम शिफारस केलेली नाही, पुरावा अपुरा म्हणून. माझं मत विचाराल तर आहार हा मुरुमांच्या गाडीचा एक्सलेटर आहे, इंजिन नव्हे. एक्सलेटरवरून पाय काढला तर गाडी मंदावते, बंद पडत नाही.

आता घरात काय करायचं ते. पावडरवालं गोड दूध बारा आठवडे थांबवा. बारा म्हणजे बारा, दहाव्या दिवशी आरसा बघून निकाल नको. दूध थांबवलं की कॅल्शियमची सोय करायला हवी, या वयात रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. आपल्या आज्या नाचणीचं तिझान, म्हणजे गोड पेज, करायच्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असतं. पण त्यात गुळाचा खडा छोटा, आणि तिझान पातळ गुळगुळीत न करता जरा दाट. काट्यासकट खाता येणारी मोतयाळीसारखी बारीक मासळी, तीळ, तांबडी भाजी हेही आलं.

भात सोडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. गोव्याच्या माणसाला शीत सोडायला सांगणं म्हणजे मांडवीला उलटं वाहायला सांगणं. फक्त पांढऱ्या सुरय तांदळाऐवजी उकडे आणा. उकडताना दाण्यातल्या पिठाची घडण बदलते आणि तो पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचतो. अकरा वाजताची उकड्या तांदळाची पेज, दाणे सबूत असलेली, बरोबर सुक्या सुंगटांची किसमूर किंवा अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी), कँटीनच्या बनापेक्षा हजारपट बरी. कॉलेजात पेज नेता येत नाही, मान्य. मग डब्यात अंडं आणि पोळी. पोळी म्हणजे चपाती नव्हे, पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) कोंड्याचा पाव. ती विकत घेतल्यावर एकदा फाडून बघा. आत पांढरीशुभ्र असेल तर मैदाच आहे, कोंडा वरून भुरभुरलाय. थंड पेय मात्र बंदच, त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एक शब्द नाही.

दर रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात तिचा फोटो काढा. तिनेच काढला तर उत्तम. आणि चवथीला नेवऱ्या (करंज्या) खाऊ द्या. चार दिवसांच्या नेवऱ्यांनी बारा आठवडे वाहून जात नाहीत.

शेवटचं, आणि यात उशीर नको. जेवणाचा प्रयोग चालू राहू दे, पण त्याच आठवड्यात तिला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन अशी लावायची औषधं जुनी, परवडणारी आणि कामाची आहेत, त्यांनाही दोन-तीन महिने लागतात. (बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, उशीला पांढरा अभ्रा घाला, नाहीतर मला शिव्या द्याल.) दीड वर्ष झालंय. खड्डे पडायला लागले असतील तर ते पेजेने भरत नाहीत. आणि ताई, जेवताना रडणारी पोर मला मुरुमांपेक्षा जास्त काळजीची वाटते. ताटावर तिच्या चेहऱ्याचा विषय काढायचा नाही, हा नियम सासूबाईंनाही लागू करा.

प्रश्न : मॅडम, वय २१, राहणार कुडचडे. सहा महिने जिम करतोय. चेहरा कधी खराब नव्हता, पण दोन महिन्यांपासून पाठ, खांदे, छाती पुळ्यांनी भरली. रोज दोन स्कूप व्हे प्रोटीन घेतो. अशक्तपणा वाटला म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं पण घेतली. जिमचे सर म्हणतात बॉडीतली घाण बाहेर पडतेय, चालू ठेव. ठेवू का?

उत्तर : पुता, घाण बाहेर पडायला शरीरात वेगळी गटारं आहेत, पाठीवरच्या पुळ्या त्यात मोडत नाहीत.

व्हे म्हणजे काय ते आधी बघ. आई पनीर करते तेव्हा दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी खाली उरतं, त्यातलं प्रथिन. गाईच्या लिटरभर दुधात सगळं मिळून ३२-३३ ग्रॅम प्रथिन, त्यातलं हे व्हे साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम. तुझ्या एका स्कूपमध्ये पंचवीसेक ग्रॅम. हिशेब कर. एका स्कूपमध्ये जवळजवळ चार लिटर दुधातलं व्हे, दोन स्कूपमध्ये आठ लिटरच्या आसपास. एवढं दूध रोज पिणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. आणि दुधातला इन्शुलिन चढवण्यात सगळ्यात तरबेज भाग नेमका हाच. व्हे सुरू केल्यावर मुरुम उठलेल्या आणि बंद केल्यावर बसलेल्या तरुणांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. माझ्याकडेही असे येतात, बहुतेकांची छाती तुझ्यासारखीच, आधी रुंद झालेली आणि मग लाल.

बी-१२ चंही खरं आहे. इंजेक्शनांनंतर काहींना एकसारख्या पुळ्यांचा उठाव येतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारण असं सापडलं, की बी-१२ आयतं मिळू लागल्यावर त्वचेवरचे मुरुमांचे जिवाणू स्वतः ते बनवायचं कमी करतात आणि त्याऐवजी सूज वाढवणारे पॉर्फिरिन जास्त बनवतात. तू इंजेक्शनं घेतलीस ती रक्त तपासून की नुसती? रिपोर्टात कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, पुळ्यांच्या भीतीने सोडायची नाही. रिपोर्टच नसेल तर इंजेक्शन कशासाठी?

एक प्रश्न तुझ्या पत्रात नाही, पण मी विचारणार. सरांनी दुसरं कुठलं इंजेक्शन किंवा बिनलेबलाची गोळी दिलीय का? स्टेरॉइडने येणाऱ्या पुळ्या सगळ्या एकाच वयाच्या, एकाच मापाच्या असतात, साच्यातून काढल्यासारख्या. दिलं असेल तर डॉक्टरला खरं सांग. आम्ही घरी कळवत नाही.

आणि पुळ्या बारीक असून खाजत असतील तर त्या मुरुम नसतीलही. आपल्या दमट हवेत घामाचा टी-शर्ट अंगावर सुकू दिला की केसांच्या मुळाशी बुरशी वाढते, दिसते मुरुमांसारखीच. तिला अँटिबायोटिक दिलं तर आणखी फोफावते. म्हणून मेडिकलवाल्याला पाठ दाखवून गोळी घेऊ नकोस.

डबा तीन महिने कपाटात ठेव. ताकद जाणार नाही. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रथिन आहे, एका अंड्यात सहा, शिवाय चणे, अळसांदे, मूग आहेतच. घरच्या जेवणातून तुझं भागतं, आणि पैसे वाचतात ते वेगळे.

प्रश्न : वय २९, मडगाव. हनुवटी आणि जबड्याच्या कडेला पाळीच्या आधी मोठे दुखरे गोळे येतात. पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. इंटरनेटवर वाचून दूध, साखर, गहू, शेंगदाणे, वांगी, टोमॅटो सगळं सोडलं. चार किलो वजन गेलं, गोळे गेले नाहीत. आम्ही पुढच्या वर्षी मुलाचा विचार करतोय.

उत्तर : बाय, गहू परत आण. शेंगदाणे, वांगी, टोमॅटो यांनाही घरात घे, त्यांनी तुझं काही वाईट केलेलं नाही. गव्हातल्या ग्लूटेनचा आणि मुरुमांचा संबंध दाखवणारा पुरावा नाही.

तुझ्या पत्रातली महत्त्वाची ओळ खाण्याची नाहीच, पाळीची आहे. पाळी पस्तीस दिवसांपुढे लांबत असेल, जोडीला हनुवटीवर जाड केस येत असतील किंवा डोक्याचे विरळ होत असतील, तर पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी जोडलेला हार्मोन्सचा बिघाड, आहे का ते बघायला हवं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, हार्मोन्सच्या तपासण्या आणि गरज वाटली तर सोनोग्राफी करतील. पीसीओएसमध्ये इन्शुलिन आणि अँड्रोजेन यांची जोडी आणखी घट्ट असते, म्हणून वरच्या ताईंना लिहिलेलं उकडे तांदूळ, डाळी, मासे, कमी साखर हे तुलाही उपयोगी. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांचं पाच ते दहा टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. पण तुझं मुळात जास्त होतं का? नसेल तर हे चार किलो गेले ते बरं नाही झालं.

मुलाचा विचार आहे हे त्वचेच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांग, शेवटी जाता जाता नको. आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या हट्टी मुरुमांवर फार चांगलं काम करतात, पण पोटातल्या बाळाला त्यांनी गंभीर व्यंग येऊ शकतं. गरोदरपणात त्या चालतच नाहीत. बाजारात मिळणारी रेटिनॉलची क्रीमंही त्या काळात बाजूला ठेवायची.

प्रश्न : शिक्षिका आहे, पर्वरी. मुलाला मुरुमांसाठी झिंकच्या गोळ्या द्याव्यात का? आणि कडू काढ्याने रक्त शुद्ध होतं का?

उत्तर : रक्त शुद्ध करायला मूत्रपिंडं आणि यकृत आहेत, ती पगार न घेता काम करतात. काढा कडू आहे एवढंच खरं.

झिंकने थोडा फायदा होतो. २००१ साली ३३२ जणांवर तुलना झाली, झिंकने ३१ टक्क्यांना बरं वाटलं, मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकने ६३ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याने. मळमळ होते, जास्त दिवस जास्त डोस घेतला तर शरीरातलं तांबं कमी होतं. सल्ल्याशिवाय नको. तुमचा मुलगा डॉक्सिसायक्लिन घेत असेल तर लोहाच्या आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या तिच्याबरोबर देऊ नका, औषध अंगात जाणारच नाही. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून, आणि गिळल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. मुलं हे ऐकत नाहीत. रात्री झोपताना एका घोटात गिळतात आणि सकाळी छातीत दुखतंय म्हणून येतात.

प्रश्न : पेडण्याहून लिहितो. वय ४६. या वयात मला नाकावर, गालांवर मुरुम आणि लाली. काजूच्या हंगामात हुर्राक (काजूची दारू) घेतला की चेहरा पेटल्यासारखा होतो. तिखट हुमणानेही होतं. मेडिकलमधून एक मलम आणलं, चार दिवस छान वाटलं, नंतर दुप्पट.

उत्तर : खिडकीच्या उजेडात आरसा धरून नाक नीट बघा. काळे-पांढरे बारीक कण दिसतात का? नसतील, आणि लालीत बारीक लाल रेघा दिसत असतील, तर हे बहुधा मुरुम नव्हेत. रोझेशिया नावाचा त्वचेचा विकार आहे. तपासून घ्या, डोळे चुरचुरत असतील तर तेही सांगा.

वरच्या साखळीच्या मुलीला मी तिखट सोडायला सांगितलं नाही, तुम्हाला थोडं सोडायला सांगते. रोझेशियात दारू, मिरची, वाफाळता चहा, ऊन यांनी चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुलतात. प्रत्येकाचं निमित्त वेगळं असतं, तुमचं तुम्ही आधीच शोधलंय. हुमण करताना मिरच्या निम्म्या करा, बांगडा तेवढाच ठेवा. चहा कोमट होऊ द्या. बाहेर पडताना टोपी आणि सनस्क्रीन. ते मलम घेऊन डॉक्टरकडे जा, त्यात स्टेरॉइड असणार. चार दिवस छान आणि मग दुप्पट, ही त्याचीच सही. बंद केल्यावर पहिले काही आठवडे चेहरा आणखी चिडेल, तेव्हा घाबरून पुन्हा लावू नका.

पुढचा हुर्राक उतरायला अजून सात-आठ महिने आहेत. तोवर औषधाने चेहरा निवळायला हरकत नाही. मग पहिल्या ग्लासाआधी एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा आरशात बघा, आणि काय दिसलं ते मला पेडण्याहून कळवा.